हसावें कोणाला, भ्यावें कशाला?

विनोदी चित्रपट आणि भुताखेतांचा चित्रपट या दोहोंस आमच्या सुशिक्षित घरांतून मानाचें पान सहसा मिळत नाहीं. संतचरित्र असेल, ऐतिहासिक कथा असेल, तर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारें कुटुंब एकत्र बसतें. परंतु चार होतकरू तरुणांनीं पदरमोड करून काढलेला हास्यपट, किंवा पडक्या वाड्यांत दिव्याची ज्योत थरथरूं लागतांच मुलांनीं एकमेकांचे हात धरावे असा जुना रहस्यपट लागला, कीं वडील मंडळी वर्तमानपत्र उचलून दुसऱ्या खोलींत जातात. ‘हलकें आहे’ एवढाच त्यांचा अभिप्राय असतो. या एका शब्दांत दोन आरोप मिसळलेले आहेत. एक आरोप असा कीं, चित्र थोड्या पैशांत झालें. दुसरा असा कीं, तें थोड्या योग्यतेचें आहे. पहिला आरोप पुष्कळदां खरा असतो आणि त्यांत कांहींच दोष नाहीं. दुसरा मात्र प्रत्येक चित्रापुरता वेगळा तपासून पाहावा लागतो. तो कसा तपासावा, याविषयीं आम्ही चार शब्द लिहूं इच्छितों. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत राहून या विषयाचा विचार करतांना तो केवळ करमणुकीचा राहत नाहीं, हेंही पुढें दिसून येईल.

प्रथम शास्त्राची साक्ष काढूं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायांत आठ रस सांगितले, त्यांत हास्य आणि भयानक यांस ओसरीवर बसविलेलें नाहीं. शृंगार आणि वीर यांच्याच पंक्तीस त्यांचें पान मांडलें आहे. हास्याचा वर्ण शुभ्र, भयानकाचा कृष्ण. भयानकाची देवता काल. आणि हास्याची देवता कोण, तर प्रमथ, म्हणजे शिवाचे ते विक्राळ गण! ज्यांच्या वर्णनानें मुलांनीं दचकावें, तेच हास्याचे अधिष्ठाते. भय आणि हास्य यांच्या घरांमधली भिंत पातळ आहे, हें आमच्या पूर्वजांस पक्कें ठाऊक होतें. ‘भगवदज्जुकम्’ या जुन्या प्रहसनांत यमदूत चुकून भलत्याच स्त्रीचा प्राण नेतो, एक योगी आपल्या शिष्यास चमत्कार दाखविण्यासाठीं तिच्या देहांत शिरतो, आणि चूक उमगलेला यमदूत त्या स्त्रीचा प्राण योग्याच्या देहांत घालून मोकळा होतो. गणिका वेदान्त सांगूं लागते आणि संन्यासी लाडिक बोलूं लागतो. विषय मृत्यूचा, पण प्रेक्षक हसून बेजार! आज ज्यास ‘हॉरर-कॉमेडी’ म्हणतात, तिचें मूळ शोधण्यास परदेशीं जाण्याची गरज नाहीं.

आतां खर्चाचा हिशेब पाहूं. वीररसास सैन्य लागतें, शृंगारास उद्यान लागतें, अद्भुतास विमानें आणि दिव्य मंदिरें लागतात. हास्यास मात्र दोन माणसें आणि त्यांच्यांतील एक गैरसमज पुरतो. भयास तर त्याहून कमी लागतें. एक बंद दार, त्यामागें पाउलांचा आवाज, आणि दार कोण उघडतो याची वाट पाहणारा प्रेक्षक. दार उघडून जें दाखवावें लागतें त्यास पैसा पडतो. न दाखविण्यास दिडकीही पडत नाहीं. म्हणून ज्याच्या गांठीं भांडवल नाहीं पण अंगीं कल्पकता आहे, असा निर्माता स्वभावतःच या दोन रसांकडे वळतो.

याचा दाखला आमच्या चित्रपटाच्या बाल्यावस्थेंतच सांपडतो. दादासाहेब फाळके यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकून चित्रपटाचा उद्योग उभा केला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्यें पडद्यावर आला, त्या वेळीं साऱ्या मंडळींच्या जेवणखाणाचा भार त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं उचलला होता. लगेच पुढें ‘मोहिनी भस्मासुर’ या पौराणिक पटाच्या जोडीला फाळक्यांनीं ‘पिठाचे पंजे’ नांवाचा एक लहानसा विनोदी पट दाखविला. पुराणकथेच्या पाटाला पाट लावून हास्य बसलें, तें पहिल्या दिवसापासून.

भयपटाच्या बाबतींत रॅमसे कुटुंबाचें उदाहरण आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस विशेष रुचेल. वडील एफ. यू. रॅमसे यांचे सात पुत्र. त्यांनीं कामें अशीं वांटून घेतलीं कीं कोणी लेखन करी, कोणी छायालेखन, कोणी ध्वनिमुद्रण, कोणी संकलन, आणि तुलसी व श्याम हे दोघे दिग्दर्शन करीत. त्यांचा १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट पडला. पण त्यांतील मुखवटा घातलेल्या चोराच्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, हें या भावांनीं हेरलें. त्यांतून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ हा भयपट जन्मला. मोजकीं माणसें बरोबर घेऊन महाबळेश्वरीं मुक्काम ठोकायचा आणि बेतानें खर्च करून चित्र पुरें करायचें, अशी त्यांची रीत. त्यांच्या चित्रांचे गुणदोष कांहींही असोत. एका चुलीवर जेवणारें घर चित्रपटाचा कारखाना चालवूं शकतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

आतां आमच्या भागाकडे येऊं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या वनभूमीला ‘झाडीपट्टी’ म्हणतात. दिवाळी होऊन धान घरीं आलें, कीं येथें नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या सुमारास सरतो. गांवचें मंडळ नाटक कंपनी ठरवितें, मंडप घालतें, तिकिटें विकतें. मंडई किंवा शंकरपट यांच्या निमित्तानें दिवसां जत्रा आणि रात्रीं नाटक, असा बेत असतो. घरोघरीं पाहुणे उतरतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्रीं सुरू झालेलें नाटक पहाटेपर्यंत चालतें. गोंदिया-बल्लारपूर लोहमार्गावरील वडसा म्हणजेच देसाईगंज हें या मंडळ्यांचें मुख्य ठाणें. दंडार, खडी गंमत यांसारख्या जुन्या लोकप्रकारांचें रक्त या रंगभूमीच्या नाडींत आहे. सरकारी अनुदानावर न विसंबतां, तिकीट घेणाऱ्या शेतकऱ्याच्या व मजुराच्या पैशावर ती उभी आहे. ‘स्वतंत्र’ आणि ‘अल्प भांडवलाची’ हीं विशेषणें हल्लीं चित्रपटास कौतुकानें लावतात. आमच्या झाडीपट्टीस तीं लावण्याची कोणास आठवण होत नाहीं एवढेंच.

या रंगभूमीवर विनोदी नटाचें स्थान फार मोठें. नायक रडवितो, खलनायक घाबरवितो. पण पहाटेच्या गारठ्यांत पेंगूं लागलेल्या प्रेक्षकास जागा ठेवतो तो विनोदी नट. गडचिरोली जिल्ह्यांतील कुरखेडा तालुक्याच्या गुरनोली गांवचे परशुराम खुणे यांस २०२३ मध्यें ‘पद्मश्री’ मिळाली. विनोदी भूमिकांसाठीं नांवाजलेल्या एका झाडीपट्टीच्या नटास हा मान मिळाला, ही गोष्ट हास्यास हलकें समजणाऱ्यांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. याच नाटकमंडळ्यांच्या जीवनावर तृषांत इंगळे यांनीं दिग्दर्शित केलेला ‘झॉलीवूड’ हा मराठी चित्रपट २०२२ मध्यें प्रदर्शित झाला. त्यांत नामांकित नटनट्यांचा तांडा नाहीं; झाडीपट्टीचेच कलावंत झाडीपट्टीच्या बोलींत बोलतात. पुण्यामुंबईच्या चित्रांत ही बोली आजवर बहुधा नोकराच्या किंवा भोळ्या खेडुताच्या तोंडीं हशा पिकविण्यापुरती येत असे. येथें ती घरच्या मालकिणीच्या ऐटीनें वावरते.

येथेंच आमची पहिली कसोटी हातीं लागते. हास्यपट पाहून उठतांना विचारावें: आपण हंसलों तें कोणाला? भरतानें हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. उत्तमांचें स्मित आणि हसित, मध्यमांचें विहसित आणि उपहसित, अधमांचें अपहसित आणि अतिहसित. भरताचा भेद हंसणाऱ्याच्या मुद्रेवरून केलेला आहे. आम्ही त्यांत एवढीच पुरवणी जोडूं कीं, हंसूं ज्याच्यावर रोखलें त्यावरूनही हंसणाराची प्रत ठरते. दुबळ्याच्या व्यंगावर, गरिबाच्या बोलीवर, कोणाच्या कातडीच्या रंगावर हंसविणें सोपें असतें. सत्तेला, दंभाला आणि स्वतःला हंसणें कठीण. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ मास्टर विनायकांनीं दिग्दर्शित केला. आचार्य अत्र्यांची कथा होती. त्यांत ब्रह्मचर्याची शपथ वाहणाऱ्या तरुणाची जी फजिती दाखविली, ती आमच्याच शिकल्यासवरल्या वर्गांतील व्याख्यानबाजीची फजिती होती. म्हणून तो विनोद खरा.

अलीकडचें उदाहरण अमित मसुरकर यांचें. त्यांचा २०१४ चा ‘सुलेमानी कीडा’ हा हिंदी हास्यपट तुटपुंज्या खर्चांत झालेला. मुंबईंत निर्मात्यांचीं दारें ठोठावीत फिरणाऱ्या दोन उमेदवार लेखकांची ती कथा. पैसा नसलेल्या दिग्दर्शकानें पैसा नसलेल्या लेखकांना, म्हणजे एका अर्थीं स्वतःलाच हंसून घेतलें. नंतर २०१७ मध्यें त्यांचा ‘न्यूटन’ आला आणि तो थेट आमच्या शेजारीं. गडचिरोलीची पूर्वेकडील सीमा ओलांडली कीं छत्तीसगडचें दंडकारण्य लागतें. तेथील एका रानांतल्या केंद्रावर ७६ मतदारांचें मतदान नियमानुसार पार पाडण्याचा हट्ट धरलेला कारकून, हा त्या चित्राचा नायक. गडचिरोलींत निवडणुकीच्या वेळीं दुर्गम केंद्रांवरील कर्मचारी हेलिकॉप्टरनें पोंचवितात आणि मतदान दुपारीं तीन वाजतांच संपवितात. त्यामुळें या चित्रांतील विनोद आमच्याकडील शिक्षकांस आणि कारकुनांस समजावून सांगावा लागत नाहीं. या चित्रांत हंसूं येतें तें वनवासी मतदारांचें नव्हे, तर त्यांस उमेदवारांचीं नांवेंही ठाऊक होऊं न देतां यंत्राचें बटण दाबावयास लावणाऱ्या व्यवस्थेचें. भारताच्या वतीनें ऑस्कर पारितोषिकाच्या स्पर्धेसाठीं तोच चित्रपट पाठविला गेला.

आतां भयाकडे वळूं. भरतानें भयानक रस तीन प्रकारचा सांगितला आहे: व्याज म्हणजे बतावणी, तिच्यामुळें होणारा; अपराधामुळें होणारा; आणि नुसत्या दचकविण्यामुळें होणारा, ज्यास तो वित्रासितक म्हणतो. जुन्या रहस्यपटांच्या थोर परंपरेस हें वर्गीकरण आश्चर्यकारक रीतीनें लागू पडतें. बॉम्बे टॉकीजचा १९४९ चा ‘महल’ घ्या. दिग्दर्शक कमाल अमरोही, छायालेखक योसेफ विरशिंग हे जर्मन गृहस्थ. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर झुंबर, जिना, झोपाळा आणि एक सूर, एवढ्यांतून त्यांनीं जो थरार उभा केला, त्यास पाऊणशें वर्षें होऊन गेलीं तरी त्याची धार बोथट झालेली नाहीं. शेवटीं उलगडा होतो तो हा कीं, वाड्यांत फिरणारी छाया पिशाच्चाची नसून माळ्याच्या मुलीची आहे. परंतु तोंवर नायकाची निरपराध पत्नी प्राणास मुकलेली असते. भूत खोटें ठरलें. भुतावरील श्रद्धेनें केलेला नाश मात्र खरा ठरला. हें व्याजाचें भय.

हेमंतकुमार यांनीं काढलेला व बिरेन नाग यांनीं दिग्दर्शित केलेला १९६२ चा ‘बीस साल बाद’ एक पायरी पुढें जातो. कॉनन डॉइल यांच्या बास्करव्हिल घराण्याच्या कुत्र्याच्या कथेची त्यावर दाट छाया आहे. येथेंही पिशाच्चामागें माणूसच निघतो. पण तो कां निघतो? ठाकुराच्या घराण्यानें एका मुलीवर अत्याचार केलेला असतो आणि तिचा पिता सूड घेत असतो. दलदलींतून येणारा तो आक्रोश खरें पाहतां घराण्याच्या पापाचा आक्रोश आहे. हें अपराधाचें भय. मराठींत विशाल फुरिया यांचा २०१७ चा ‘लपाछपी’ याच वाटेनें गेला. उंसाच्या मळ्यांतील एक एकाकी घर, एक गर्भवती तरुणी, मोजकीं पात्रें. आणि शेवटीं अंगावर कांटा येतो तो भुतांमुळें नव्हे, मुलींना जन्मण्याआधीं मारणाऱ्या जिवंत माणसांमुळें. थोड्या खर्चांत केवढें काम!

आमच्या भवभूतीनें बारा शतकांपूर्वी हेंच केलें होतें. ‘मालतीमाधवा’च्या पांचव्या अंकांत स्मशान आहे, पिशाच्चें आहेत, त्यांचें वर्णन वाचतांना आजही शहारे येतात. पण मालतीचा बळी देण्यास निघालेला अघोरघंट हा पिशाच्च नसून माणूस आहे. माधव पिशाच्चांमधून निर्धास्त चालत जातो आणि शस्त्र उपसतो तें त्या माणसावर. भ्यावें कशाला, याचें याहून नेमकें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

ही दुसरी कसोटी आमच्या जिल्ह्यांत वाङ्मयचर्चेपुरती राहत नाहीं. २०२१ च्या ऑगस्टमध्यें चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यांत वणी खुर्द या गांवीं जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांस बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. २०२४ च्या मे महिन्यांत गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यांतील बारसेवाडा येथें याच संशयानें एक स्त्री आणि एक पुरुष यांस जाळून मारण्यांत आलें. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं हत्या झाली, त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा आहे, परंतु मनांतील भीतीवर पोलिसांचा पहारा बसवितां येत नाहीं. आणि हा अंधार केवळ रानांतच आहे, असें समजून शहरवासीयांनीं पाठ थोपटून घेऊं नये. ताईतवाले आणि बुवा शहरांतील बंगल्यांतूनही सुखानें नांदतात.

अशा प्रदेशांत ज्या चित्रांत पांढऱ्या केसांची म्हातारी निव्वळ म्हातारी व एकटी म्हणून चेटकीण ठरते, आणि शेवटीं मांत्रिकाचेंच म्हणणें खरें निघतें, तें चित्र निरुपद्रवी कसें म्हणावें? मुंबईच्या चित्रगृहांतून बाहेर पडणारा प्रेक्षक तें विसरून जाईल. जेथें शेजारच्या घरीं मूल आजारी पडतांच कोणा एकट्या स्त्रीकडे बोटें वळतात, तेथें तें विसरलें जाईलच असें नाहीं.

कित्येक म्हणतील, ‘मास्तर, नाटकचित्रपट म्हणजे शाळेचें पुस्तक नव्हे, प्रत्येक भुताचा मुखवटा उतरविलाच पाहिजे कीं काय?’ तसा आमचा आग्रह नाहीं. कथेंत भूत खुशाल असावें; भवभूतीनेंही तें ठेवलें आहे. बंदी घालण्याचा उपाय तर आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. झांकलेल्या डब्यांतील लाडू अधिक गोड लागतो, हें प्रत्येक आजीस ठाऊक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भय संपल्यावर मनांत काय उरतें तें पाहावें. अन्यायाची चीड उरली, तर भय कामीं आलें. एखाद्या दुबळ्याविषयीं संशय उरला, तर करमणूक महागांत पडली.

भयाची बाधा उतरविण्यास हास्यासारखा दुसरा उतारा नाहीं. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’ या चित्रांतील तात्या विंचू नांवाची बाहुली आठवा. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनीं ती खेळविली आणि लक्ष्मीकांत बेर्डे तिच्या तावडींत सांपडले. मुलें पहिल्यांदा पाहतांना आईच्या पदराआड लपलीं, आणि दुसऱ्या दिवशीं अंगणांत तात्या विंचूचाच आवाज काढून खेळूं लागलीं. ज्याची नक्कल करतां येते, त्याचें भय उरत नाहीं.

म्हणून वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, अशीं चित्रें लागलीं म्हणजे उठून जाऊं नये. हल्लीं मुलें हातांतल्या फोनवर, कानांत बोंडें घालून, एकटींच हंसतात आणि एकटींच भितात. त्यांच्या शेजारीं कोणी मोठें माणूस बसलेलें असावें. ‘महल’ किंवा ‘बीस साल बाद’ सारख्या जुन्या चित्रानें आरंभ करावा, कारण त्यांत आजोबांस गाणीं आठवतील आणि नातवंडांस कोडें सुटेल. चित्र संपल्यावर प्रवचन देऊं नये. जेवतांना सहज दोन प्रश्न विचारावे. हंसलों कोणाला? भ्यालों कशाला? मुलें जीं उत्तरें देतात तीं पुष्कळदां मोठ्यांनाही सुचलेलीं नसतात.

आणखी एक सुचवावेंसें वाटतें. दर हिवाळ्यांत दूरदूरचीं सुशिक्षित कुटुंबें ताडोब्याचा वाघ पाहण्यास आमच्या जिल्ह्यांत येतात, वाघ दिसला कीं आनंदानें, न दिसला कीं हिरमुसून परत जातात. त्यांनीं एक रात्र अधिक राहावें. जवळच्या एखाद्या गांवीं झाडीपट्टीचें नाटक असेलच. तिकीट काढावें, गांवकऱ्यांच्या शेजारीं बसावें, आणि विनोदी नटाच्या कोणत्या वाक्याला बायाबापड्या खळखळून हंसतात तें कान देऊन ऐकावें. बरोबर घोंगडी मात्र न विसरतां आणावी. पहाटेस येथें चांगलाच गारठा पडतो.